आळेफाट्यावरून ईस्टरकडे

२०२५ सालचा एप्रिल महिना सणावारांनी गच्च भरलेला होता. १२ तारखेला हनुमान जयंती, १३ला ख्रिस्ती मंडळींचा झावळ्यांचा रविवार, १४ला आंबेडकर जयंती, १८ला उत्तम शुक्रवार, २०ला ईस्टर आणि २४ला चैत्र वद्य एकादशी. एकादशीच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी रेड्याच्या समाधीची यात्रा भरते. आंबेडकर जयंती सोडली तर ही गर्दी योगायोगाची नाही. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा उलटली की येणारा पहिला रविवार ईस्टरचा, म्हणजे बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठचा. चंद्र एकच आहे, पंचांगं दोन. त्या वर्षी आणखी एक गोष्ट जुळून आली होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर एरवी बहुतेकदा वेगळ्या रविवारी पडतो, तोही २० एप्रिललाच आला. ईस्टरचा दिवस सगळ्यांनी एकच धरावा हे ठरलं नायसीयाच्या परिषदेत, इ.स. ३२५ साली. त्या ठरावाला बरोबर १७०० वर्षं होत होती.

पुण्याहून नगरला जायचं तर शिरूरचा रस्ता सरळ आहे. मी मुद्दाम नाशिक रस्ता धरून आळेफाट्याला उजवीकडे वळायचं ठरवलं. मराठी ख्रिस्ती माणसाचा उपवासकाळ आणि ईस्टर कसा असतो ते पाहायचं होतं, आणि त्याची मुळं मिशनच्या दप्तरापेक्षा या रस्त्यावर जास्त सापडतील अशी माझी अटकळ होती.

सुरुवात पुण्याच्या कॅम्पातून झाली. इथे मेथडिस्ट आले ते १८७०च्या दशकात. विल्यम टेलर नावाचा अमेरिकन प्रचारक १८७०ला भारतात आला आणि मिशनऱ्यांच्या आपसांतल्या वाटण्या न जुमानता सभा घेत सुटला. तोवर इथल्या मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते: हा जिल्हा स्कॉटिश लोकांचा, तो अमेरिकनांचा, पलीकडचा इंग्रजांचा. टेलरला ते मान्य नव्हतं. पुण्यातल्या त्या सभांना सर्वेक्षण खात्यात नोकरी करणारा विल्यम ओल्डहॅम नावाचा तरुण आला आणि १८७३ला मेथडिस्ट झाला. पुढे हाच माणूस सिंगापूरला गेला आणि १८८६ला त्याने तिथली अँग्लो-चायनीज शाळा काढली. कॅम्पातलं ओल्डहॅम चर्च त्याच्या नावाचं. मुंबईत टेलरला येऊन मिळाला जॉर्ज बोवेन. तो १८४८पासून मुंबईत होता, मिशनचा पगार नाकारून गरीब वस्तीत राहायचा, आणि १८८८ला मरेपर्यंत तसाच राहिला. मराठी ख्रिस्ती लोक त्याचं नाव आजही आदराने घेतात.

गंमत अशी की मेथडिस्टांच्या घरात लेंटला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाला, फारसं स्थान नव्हतंच. जॉन वेस्लीने १७८४ला अमेरिकेतल्या अनुयायांसाठी उपासनेचं पुस्तक कापून-छाटून तयार केलं, त्यात बहुतेक सण काढून टाकले आणि उपवासकाळही गेला. शुक्रवारचा उपवास तो स्वतः पाळायचा, पण चाळीस दिवसांचं व्रत त्याला जरुरीचं वाटलं नाही. त्यांच्याही आधी, १८१३ला मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक तर न्यू इंग्लंडचे कडवे प्युरिटन वारसदार. त्यांच्या वाडवडिलांनी नाताळसुद्धा पाळला नव्हता. मग आज पुण्या-नगरच्या प्रोटेस्टंट घरांत राखेच्या बुधवारपासून दुपारपर्यंत उपास, लग्नकार्य बंद, कुणी मटण सोडतं, कुणी चहा, दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी प्रार्थना, हे सगळं आलं कुठून? काही अँग्लिकन मंडळींकडून आलं, काही विसाव्या शतकात जगभरच्या मेथडिस्टांनी लेंट पुन्हा जवळ केला म्हणून आलं. पण माझ्या मते मोठा वाटा निराळाच आहे. एकादशी आणि चातुर्मास पाळणाऱ्या गावांत बाप्तिस्मा झाला म्हणून बायकांचा उपासाचा वार सुटत नाही. तो दुसऱ्या देवाच्या नावाने चालू राहतो.

झावळ्यांच्या रविवारी कॅम्पात मिरवणूक निघाली. लहान मुलांच्या हातांत झावळ्यांच्या पात्या, पुढे क्रूस, मागे लाउडस्पीकरवर ‘होसान्ना’. उपासनेनंतर तरुण गायनवृंदाने पुढच्या रविवारच्या गाण्याची तालीम घेतली. चार्ल्स वेस्लीने १७३९मध्ये लिहिलेलं इंग्रजी ईस्टरगीत होतं ते, प्रत्येक ओळीच्या शेवटी आलेलूयाची लांब तान असलेलं. पेटीवाला मुलगा मध्येच थांबून म्हणाला, “हे झालं की ना. वा. टिळकांचं भजन घेऊ, त्याला निदान ठेका तरी आहे.” मोठ्यांनी डोळे वटारले, पण पुढचं भजन सुरू झालं तेव्हा सगळ्यांचे पाय हलत होते.

सोमवारी निघाले. चाकणच्या कारखान्यांविषयी सांगण्यासारखं काही नाही. राजगुरुनगर मागे पडलं आणि आंबेगाव तालुक्यात शिरताना रस्त्याच्या कडेने निळे झेंडे दिसायला लागले. मंचरला जयंतीच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक्टर सजत होते. नगर-पुण्याकडच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास या निळ्या झेंड्यांना वगळून सांगता येत नाही. खेड्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग घरांतून आलेले. १९५६ला बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेले आणि त्याआधीच ख्रिस्ती झालेले एकाच भावकीतले असतात. मंचरच्या चहाच्या टपरीवर भेटलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “ताई, आमच्यात थोरला ख्रिस्ती, धाकटा बौद्ध. आज धाकट्याकडे जेवायचं, रविवारी त्याने आमच्याकडे.” उपवासकाळाचं काय, असं विचारलं तर हसले. “आज सूट.” मग आवाज उतरवून म्हणाले, सवलतीच्या कागदावर मात्र भाऊ वेगळे होतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरला; पुढे १९५६ला त्यात शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत.

नारायणगावला तमाशांच्या राहुट्या. गुढीपाडव्यापासून गावोगावचे पुढारी इथे जत्रांसाठी फड ठरवायला येतात. तमासगीर विठाबाईंचं हे गाव. चैत्र म्हणजे या पट्ट्यात जत्रांचा हंगाम, आणि बहुतेक वर्षी उपवासकाळाचा शेवटही त्याच दिवसांत पडतो. एका ढोलकीवाल्याने सांगितलं की त्याच्या चुलत्याची ख्रिस्ती भजनी मंडळात साथ असते आणि पवित्र आठवड्यात तो जत्रेची सुपारी घेत नाही. “चाळीस दिवस गेले तर गेले, पण हा आठवडा नाही.” हंगामातल्या आठवड्याची कमाई सोडणं म्हणजे काय, ते ढोलकीवाल्याला विचारावं.

पश्चिमेला जुन्नर आणि शिवनेरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकपाठोपाठ जुन्नरलाही ठाणं केलं होतं. ते फार फोफावलं नाही. नाणेघाटाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या या गावाला परके नवे नव्हते. इथल्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या यवनांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी परका माणूस इथे येऊन इथल्या धर्माला पाण्याचं टाकं आणि भोजनमंडप देऊन गेला. पुढचे परके स्वतःचा धर्म घेऊन आले, आणि तो रुजला जुन्नरच्या पाणीदार अंगाला नाही, तर पूर्वेच्या कोरड्या पठारावर. का, ते पुढच्या रस्त्यावर कळतं.

आळे. फाटा आणि गाव यांत अंतर आहे आणि स्वभावातही. फाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. दिवसरात्र ट्रक, वडापाव, कांद्याचा उपबाजार. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघालेला असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून येतात, ज्याला भावाची घाई नाही तो चाळीत भरून ठेवतो. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथे ऊस आला, द्राक्षं आली, आणि उसामागोमाग बिबटे. संध्याकाळी एकट्याने बांधावर जाऊ नये असं प्रत्येकाने बजावलं.

गावाकडे मात्र मंडप पडत होता. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली, तिथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. तो रेडा भावंडांबरोबर निघाला. वाटेत नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. मग आळंदीकडे येताना आळ्याला रेड्याने देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी त्याला समाधी दिली. जनावराची समाधी आणि तिच्यापुढे माणसांनी धरलेलं कीर्तन, हे मी पहिल्यांदा पाहत होते, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. आदल्या दिवशी पुण्यात पाळकांनी गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमेत शिरणाऱ्या राजावर प्रवचन केलं होतं. शहाण्यांनी ज्याला हसावं असं जनावर, आणि त्याच्यावर येणारा देवाचा मान. मंदिरात झाडलोट करणाऱ्या आजोबांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी झाडू बाजूला ठेवला. “गाढव चाललं नुसतं की बोललंबी?” नुसतं चाललं, मी म्हणाले. “मग आमचा रेडा वरचढ.” बायबलात दुसरीकडे एक गाढवीण बोलते खरी, बलामाची. पण आजोबांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून ती मी आत ठेवून दिली.

आळ्याहून नगरकडे जाणारा रस्ता म्हणजे भावंडं ज्या दिशेने आली तिकडेच उलटं जाणं. बेल्ह्याला सोमवारचा बैलबाजार उठत आला होता, टेम्पोत बैल चढवायची झटापट चालू. बेल्हे सोडलं की हिरवं पातळ होतं. सह्याद्रीला अडलेला पाऊस पूर्वेकडे हात आखडतो. टाकळी ढोकेश्वर, भाळवणी, सगळा पारनेर तालुका या पर्जन्यछायेत. आणि इथेच खेड्याखेड्यांत लहान लहान चर्चं दिसू लागतात. मिशनचा नकाशा आणि दुष्काळाचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहावेत. १८७६ ते ७८चा दुष्काळ आणि १८९९-१९००चा छपन्नाचा दुष्काळ, या दोन्हींच्या पाठोपाठ नगर जिल्ह्यात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, अनाथालयं भरली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा इथल्या ख्रिस्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. पण दुष्काळ संपल्यावर परत जायची वाट बंद नव्हती, आणि बहुतेक गेले नाहीत. शाळा मिळाली होती, आणि पाणवठ्यावर दूर उभं राहा असं न सांगणारी एक जागा मिळाली होती. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

नगर, कागदोपत्री आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ला आलं. मिस फरार यांची मुलींची शाळा इथलीच, सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे इथले पहिले एतद्देशीय पाळक. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथाही इथेच रुजली. कृष्णराव सांगळे एकोणिसाव्या शतकात येशूचरित्र कीर्तनातून सांगत आणि परक्या चालीच्या गीतांना कंटाळलेली खेड्यातली माणसं रात्र रात्र बसत.

मग आले नारायण वामन टिळक. १८९३ला रेल्वेत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची बरीच वर्षं नगर आणि राहुरी. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ओवीत ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं, तेव्हा साडेदहा अध्यायांपुढचं काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. १९१७ला टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात पंथ नव्हता. दोन वर्षांत, मे १९१९ला ते गेले. आज मराठी प्रोटेस्टंटांच्या ‘उपासना संगीत’मधून त्यांची पदं काढली तर मागे जे उरेल त्यावर उपवासकाळ निभणार नाही.

हे प्रत्यक्ष कळलं उत्तम शुक्रवारी. दुपारी बारा ते तीन, क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना. घंटा वाजवत नाहीत. बायका बहुतेक पांढऱ्या साड्यांत, बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं, आत पंख्यांची घरघर. सात उद्गारांवर सात माणसं बोलतात आणि मी बसले होते तिथे ती सात माणसं वेगवेगळ्या मंडळ्यांतून बोलावलेली होती. दोघे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, एक मेथडिस्ट, एक साल्व्हेशन आर्मीच्या गणवेशातल्या बाई, बाकी लहान स्वतंत्र मंडळ्यांचे. यामागे जुनं दुखणं आहे. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्चं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वाटाघाटींत वर्षानुवर्षं बसलेले मेथडिस्ट अगदी शेवटी मागे हटले आणि १९८१ला त्यांनी आपलं स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया उभं केलं. मालमत्ता, बिशपांचे अधिकार, अमेरिकेशी नातं, कारणं पुष्कळ सांगतात. सामान्य माणसाला एवढंच कळलं की लग्नात एकत्र बसणारे रविवारी वेगळे बसतात.

ही सात जणांची वाटणी म्हणजे त्यावर काढलेला घरगुती तोडगा. चौथ्या उद्गारावर बोलणारे गृहस्थ चांगलेच लांबले. “माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास,” यावर बोलताना ते हळूहळू शेतमालाचा भाव, मुलाची नोकरी, विहिरीचं पाणी यांवर आले आणि मग रडले. घड्याळाकडे पाहणारे पाळक थांबले. पेटीवाल्याने कुणी न सांगता टिळकांचं पद उचललं, टाळ सुरू झाले, आणि सातही मंडळ्यांतल्या माणसांना ते पाठ होतं. पुस्तक उघडायची कुणालाच गरज पडली नाही. नागपूरला जे वर्षानुवर्षांच्या बैठकांत जमलं नाही त्याची तीन तासांची आवृत्ती इथे जमते, आणि तिला अध्यक्ष लागत नाही.

शनिवारी राहुरीवरून नेवाशाच्या बाजूला गेले. राहुरीलाच लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला, १९०० साली. नवरा ख्रिस्ती झाल्यावर सोवळ्यात अडकलेल्या बाईने एकेका जातीच्या हातचं पाणी पिण्यापर्यंत कसा प्रवास केला, ते त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला सांगायला नको. नेवासे तालुक्यातलं वडाळा हे फेअरबँक घराण्याचं जुनं मिशनठाणं. मी उतरले ते त्याच बाजूच्या एका लहान गावात. नाव सांगत नाही, कारण ज्यांनी घरात घेतलं त्यांना पाहुण्यांची रांग नको आहे.

दुपारभर बायका दफनभूमीत. चुन्याच्या बादल्या, गवताचे कुंचे. कबरीवरचं तण उपटायचं, चुना मारायचा, नाव पुसट झालं असेल तर काळ्या रंगाने गिरवायचं. घरच्या मावशींनी माझ्याही हातात कुंचा दिला. “ही माझी सासू. हिला पांढरंच आवडायचं, पण डाग पडलेलं चालायचं नाही. दोन हात दे.” शेजारच्या कबरीवर नाव नव्हतं, नुसते दगड. “ती छपन्नाची,” त्या म्हणाल्या. सव्वाशे वर्षांच्या त्या दगडांनाही चुना मिळाला.

पहाटे साडेचारला टाळ वाजले. चर्चपासून दफनभूमीपर्यंत दिंडीच: पुढे क्रूस, मग पताका, मग टाळकरी, पावली धरलेली. पताका पांढऱ्या आणि चाल ओळखीची, आळ्याच्या मंडपात ऐकलेल्या चालीची सख्खी बहीण. पोचल्यावर पाळकसाहेब ओरडले, “प्रभू उठला आहे!” सगळ्यांनी उत्तर दिलं, “खरोखर उठला आहे!” तीनदा. मेणबत्त्या कबरींवर लागल्या. पलीकडच्या वस्तीतली मेथडिस्ट घरं पायी आली होती, काही बौद्ध नातेवाईकही. मागच्या बाजूला दोन वारकरी टोपीवाले शेजारी उभे होते, त्यांतल्या एकाकडे पखवाज होता. मंडळीचा पखवाजवाला मुंबईला नोकरीला गेल्यापासून ईस्टरला हेच वाजवतात असं कळलं.

उजाडल्यावर चर्चच्या अंगणात चहा, गुळाच्या पोळ्या आणि अर्पणांचा लिलाव. रोख पैसे कमी असलेल्या गावात लोक वस्तू आणतात: अंडी, कोंबडा, नारळ, गव्हाची पायली, कुणी शिवलेली गोधडी. लिलाव पुकारणारा बेरकी होता. कोंबडा “लेंटभर वाचलेला” म्हणून चढवून विकला. मग आली कांद्याची गोणी. बाजारात त्या आठवड्यात कांद्याचा भाव पडलेला, त्यामुळे सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मागून पखवाजवाल्यांनी बोली लावली. मंडळीतल्या एका तरुणाने वाढवली, त्यांनी पुन्हा. आळेफाट्यावर ट्रॉलीमागे जे मिळालं नसतं ते या गोणीला मिळालं, आणि ती गेली पखवाजवाल्यांकडेच. एकादशीनंतर त्यांच्या गावात सप्त्याचा महाप्रसाद होता. आमटीला कांदा लागणारच होता, म्हणाले.